स्लिमिंग टी, ग्रीन टी, गवती चहा: दिवाळीपासूनचा अनुभव

स्लिमिंग टीचे सातशे रुपये परत मिळाले नाहीत, म्हणून आज हे लिहायला बसले.

वजनासाठी दिवाळीत ग्रीन टी सुरू केला आणि संक्रांतीनंतर हा स्लिमिंग टी मागवला. रात्री झोपताना एक कप. पहिल्याच आठवड्यात काटा दीड किलो खाली आला, मी खूश. पण रोज पहाटे पोटात मुरडा येऊन उठायची वेळ यायची. शेवटी पाकिटामागची बारीक अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाचली. ग्रीन टी, आलं, दालचिनी, आणि सगळ्यात खाली ‘कॅसिया अँगुस्टिफोलिया’. म्हणजे सोनामुखी! बद्धकोष्ठावर पिढ्यान्‌पिढ्या देतात तीच. समोर ‘डिटॉक्स’ एवढं मोठं छापलंय, तर सोनामुखी मराठीत किंवा हिंदीत लिहायला काय झालं होतं?

सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यावर. खाल्लेल्या अन्नातल्या बहुतेक कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात. बाहेर पडतं ते पाणी आणि मळ, चरबी जागच्या जागी. चहा थांबवला आणि दीड किलो लगेच परत आलं. रोज घेत राहिलं तर अंगातलं पोटॅशियम घटू शकतं. बीपीसाठी लघवीची गोळी किंवा हृदयाची औषधं चालू असतील त्यांना हे जास्त धोक्याचं. माझ्या आईला तीच गोळी चालू आहे आणि ती माझ्यासोबत हा चहा घेणार होती! कस्टमर केअरवाल्याला हे सांगितलं, तर म्हणे, “मॅडम, नॅचरल आहे. आणि पाकीट उघडलंय, रिटर्न होणार नाही.” ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार टाकली आहे.

ग्रीन टीबद्दलचं मत मात्र मध्येच बदललं. सुरुवातीला नुसता कडू काढा वाटायचा. पाणी उकळल्यावर थोडं निवू दिलं, साधारण 80 अंशांवर, आणि पत्ती दोन मिनिटांत गाळली की छान लागतो. वजनाचं म्हणाल तर कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या 2012च्या आढाव्यात, जपानबाहेरच्या अभ्यासांत ग्रीन टी घेणारे आणि न घेणारे यांच्या वजन घटण्यात सरासरी फरक निघाला 0.04 किलो. चाळीस ग्रॅम!

तरीही माझा घेर कमी झालाय, आणि त्याचं कारण साखर. आमच्याकडे कपाला दोन चमचे. दिवसाचे चार कप धरले तर जवळजवळ 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी. दूध आणि सोबतची खारी वेगळीच. दुपारचे आणि संध्याकाळचे कप बिनसाखरेच्या ग्रीन टीचे झाले, खारी आपोआप सुटली, तेव्हापासून ड्रेस सैल व्हायला लागले. सकाळचा दुधाचा चहा मी सोडलेला नाही, सोडणारही नाही.

एक सांभाळा, ग्रीन टी जेवणाला लागून घेऊ नका, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या बायकांनी तर नक्कीच. रात्री काही गरम हवं असेल तर गवती चहाची दोन पाती, आलं, बस्स. त्यात कॅफीन नाही, झोप उडत नाही, आणि कुंडीत फुकट वाढतो.

टी बॅग आता बंद. 25 बॅगांचा डबा 170 रुपयांना, आत पत्ती जेमतेम 33 ग्रॅम. किलोला पाच हजारांच्या वर पडते! आमच्या चहावाल्या दुकानात सुटी ग्रीन टी 150 रुपयांना 100 ग्रॅम मिळते. पानं मोठी असतात, आणि त्याच पत्तीवर दुसरा कपही निघतो.