नोटाचं बटण: दाबून पाहिलं, पुरत नाही

विधानसभेला मी नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही', दाबलं, त्याबद्दल लिहिते. सगळे उमेदवार संपले की सर्वांत खाली काळ्या फुलीचं चिन्ह, त्याच्यासमोर बटण. दाबलं, लाल दिवा लागला, काचेमागे 7 सेकंद चिठ्ठी दिसली आणि आत पडली. इथवर काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढची. मालवण तालुक्यात आमची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 पासून राज्याचे निर्बंध, प्रखर दिव्यांनी मासळी ओढून घेणाऱ्या एलईडी मासेमारीला 2017 पासून केंद्राची बंदी. तरी काळोख पडला की समोर समुद्रात झगमगाट दिसतो आणि सकाळी आमच्या जाळ्यात टोपलीभरसुद्धा मासळी नसते. माझ्या नकाराचं कारण हे. शेजारणीने रस्त्यासाठी दाबलं असेल, आणखी कुणी पक्ष बदलणाऱ्यांच्या रागाने. मोजताना सगळे एकाच आकड्यात. सासरे लगेच म्हणाले, "नाय म्हटलंस ता बरा केलंस गो, पण कित्याक ता कोणाक कळला?"

शिवाय आमदार-खासदाराच्या निवडणुकीत नोटा पहिला आला, तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. लांजा तालुक्यातल्या खावडीत 441 वैध मतांपैकी 210 नोटाला पडली होती आणि सरपंच झाला तो 130 मतांवर. अशी उदाहरणं पाहून राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला, की महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत नोटा पुढे गेला तर फेरनिवडणूक घ्यायची. चांगलाच निर्णय. विधानसभेला हा नियम का नको?

आपल्या नकाराचं कारण सांगायचं तर जागा एकच, ग्रामसभा. वर्षाला किमान 4 होतात, 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल तेवढे आले की गणपूर्ती होते. आमच्याकडे बायका पुढे बसल्या आणि एलईडीविरुद्धचा ठराव शब्द न् शब्द वाचून घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. पण समुद्र ग्रामपंचायतीच्या हातात नाही, आणि आमचा ठराव आमदाराला बांधीलही नाही. एकदा मत दिलं की 5 वर्षं प्रत्येक प्रश्नावर तोच आमच्या वतीने बोलणार, मासळीवरही.

म्हणून नोटाला 5 पैकी 2 तारे, ग्रामसभेला 4. उमेदवार वाडीत आले की ठरावाची प्रत पुढे करून सर्वांदेखत सही मागायची, असं आम्हा रापणकरांचं ठरलंय.