पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर, सहा महिने वापरून: मशीन चांगलं, टाकीचं झाकण धोक्याचं

नोव्हेंबरात घेतलेला, आता मे संपत आला. परवा परत टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळलं, म्हणून आज लिहायला बसलोच. वाऱ्याच्या झोताने पाचोळा उडवायचं मशीन, टू-स्ट्रोक, पाठीवर अडकवायचं, बाकी माहिती सगळीकडे मिळते.

आमचं घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, मागे डोंगर, त्यावर आमची आणि शेजाऱ्यांची काजूची बागायत. 2023 च्या मार्चात म्हादई अभयारण्य पेटलं आणि नौदल, वायुदलाची हेलिकॉप्टरं बादल्या लटकवून पाणी टाकत होती, तेव्हापासून मार्च लागला की आईला रात्रीची झोप नाही. दोन वर्षं खराट्याने पाचोळा काढला. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर रोजंदारी परवडत नाही, शेवटी साडेचौदा हजार घातले.

काम एक नंबर. बागायतीच्या वरच्या बाजूने दहा फूट रुंद पट्टा उघड्या मातीपर्यंत साफ करायला पूर्वी दोघांना तीन दिवस लागायचे, आता मी एकटा एका सकाळी करतो. फक्त दंव असताना पानं जागची हलत नाहीत, दहा वाजल्यानंतर काढा. कौलांच्या पन्हळीतला पाचोळा मी खालून नळी वर धरून उडवतो, पाठीवर मशीन घेऊन शिडीवर चढू नका. ठिणगी वाऱ्यावर लांबून येते आणि छपरावरच्या सुक्या पानात पडते, त्यामुळे घराला लागून पाच फूट काहीच जळण ठेवत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेली लाकडंही तीस फूट लांब नेली.

आता झाकण. जानेवारीत लक्षात आलं की मशीन जरा कललं की झाकणाच्या कडेने पेट्रोल झिरपतं आणि माझ्या शर्टाला लागतं, आणि गरम सायलेन्सर तिथून वीतभर लांब. अहो, आग अडवायला घेतलेलं मशीन आणि त्यातूनच पेट्रोल! सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "बाब, वॉशर कन्झ्युमेबल, वॉरंटीत येत नाही." दोन महिन्यांत? तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी म्हापशापर्यंत जायचं-यायचं पेट्रोल माझंच. शेवटी वीस रुपयाची रबर रिंग स्वतःच बाहेरून आणून घातली. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने काही रबर फुगतं, माझी तरी जुनी रिंग फुगून सैल झाली होती. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करा, मशीन थंड झाल्याशिवाय पेट्रोल भरू नका. ऑइल लिटरला 25 मिली, म्हणजे 40:1, माझ्या पुस्तकात तसं आहे, तुमचं बघून घ्या.

फेब्रुवारीपर्यंत दोनच स्टार देणार होतो. मग मार्चात शेजारच्या बागायतीत बिया गोळा करायच्या म्हणून कुणीतरी पाचोळा पेटवला, दुपारचा वारा सुटला आणि आग वर चढली. आमच्या पट्ट्यापाशी येऊन अडली. एकाच जागी, जिथे मी कंटाळून पट्टा चार फुटांचाच ठेवला होता आणि पलीकडे रानमोडीचं तण उभं होतं, तिथे उडी मारली. 101 ला फोन केला, बंब येईपर्यंत वाड्यावरच्या सात-आठ जणांनी हिरव्या डहाळ्यांनी आणि फवारणीच्या पंपातल्या पाण्याने ती विझवली. ब्लोअर मी त्या वेळी पाठीवरून उतरवून लांब ठेवला, आगीवर वारा मारला की ती वाढते. जंगलात आग अडवणारे लोक ब्लोअर वापरतात, पण ते पाचोळा जळलेल्या बाजूला ढकलतात, त्याला सराव लागतो.

अजून एक चूक सांगतो. उडवलेला पाचोळा मी गोठ्यामागे ढीग करून ठेवला होता, म्हणजे आगीला आयतं खाद्य. आता सगळा कुळागरात पोफळींच्या आळ्यात घालतो, ओला राहतो, खतही होतं.

चार स्टार. पाचवा झाकणाचा कापला. पाऊस सुरू व्हायच्या आत टाकी धुऊन ठेवणार, रिंगा चार आणून ठेवल्यात, आणि नोव्हेंबरात तो चार फुटांचा तुकडा आधी रुंद करणार.