डावीकडे ओढणारी जुनी हॅचबॅक: फोंडा-पणजी रस्त्यावर काही महिने चालवल्यानंतर

वापरलेली पेट्रोल हॅचबॅक घेतली त्याला आता अख्खा पावसाळा उलटून गेला. रोजचा रस्ता फोंडा ते पणजी: फर्मागुडीचा चढ, म्हार्दोळ, कुंडई, बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं आणि पुढे बायपास. गाडीवर मी खूश आहे. इंजिन शांत आहे, क्लच हलका आहे, मे महिन्यातल्या दुपारीही एसी पुरतो. मागच्या सीटवर तिघे मोठे बसले की खांद्याला खांदा लागतो, पण त्या आकाराच्या गाडीत ते आलंच. लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. ही गाडी आली तेव्हा डावीकडे ओढत होती, आणि त्याचं खरं कारण सापडायला बराच वेळ गेला.

विकणाऱ्याचं म्हणणं एकच, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) नुकतंच केलंय. छापील कागदही दिला, सगळे आकडे हिरवे. तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली की गाडी कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकायची. पणजीला पोहोचेपर्यंत उजवा खांदा भरून यायचा.

अलाइनमेंटच्या कागदावर तीन गोष्टी असतात. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत वळलेली आहेत की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक किती कललं आहे. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिलं तर ज्या अक्षावर चाक वळतं तो किती मागे झुकला आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत दुकानदार फिरवतो तो फक्त टो. बाकीचे दोन मशीन मोजतं, पण ते फिरवायची सोयच नसते. आणि टो चुकला तर टायर खातो, स्टिअरिंग वाकडं बसतं, पण गाडी एका बाजूला सहसा ओढत नाही. ओढ येते ती डाव्या-उजव्या चाकांच्या कॅम्बर किंवा कॅस्टरमध्ये फरक पडला तर. कॅम्बर ज्या बाजूला जास्त पॉझिटिव्ह, म्हणजे चाकाचा वरचा भाग जास्त बाहेर कललेला, गाडी त्या बाजूला जाते. कॅस्टर ज्या बाजूला कमी, त्या बाजूला जाते. फरक अर्ध्या अंशाच्या पुढे गेला की हाताला कळायला लागतो. म्हणून हिरवा रंग पाहून कागद घडी करू नका, दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवून बघा. माझ्या कागदावर हा फरक नगण्य होता. म्हणजे दोष दुसरीकडे होता.

आधी रस्ता बाजूला काढायला हवा. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते केलेले असतात, साधारण दोन-अडीच टक्के उतार. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे ठणठणीत गाडीही किंचित डावीकडे जाते. रविवारी सकाळी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत चिटपाखरू नसतं. तिथे सावकाश, रस्त्याच्या बरोबर मधोमध, उंचवटा दोन्ही चाकांच्या मधे ठेवून चालवली, मग वळवून उलट दिशेने आणली. दोन्ही वेळा डावीकडेच. उताराचा प्रश्न मिटला.

मग टायर. चारही टायरांत थंड असताना सारखी हवा भरली, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली होती तेवढीच. पुढचे दोन टायर दोन वेगळ्या बनावटीचे होते. टायरच्या भिंतीवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. माझ्या डाव्या-उजव्या टायरांत काही वर्षांचं अंतर निघालं.

फोंड्यातल्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी मशीनचं नावही काढलं नाही. म्हणाले, "पयलीं टायर अदलून-बदलून पळोवया." म्हणजे आधी टायर अदलून-बदलून पाहूया. पुढचा डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. टायरच्या आतला पोलादी पट्टा जरासा एका बाजूला बसला असेल तर तो टायर स्वतःच एका दिशेला जाऊ पाहतो. अदलाबदल केल्यावर ओढ बाजू बदलते. (भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र असं करू नये.) माझ्या गाडीची ओढ बाजू बदलेना, पण निम्म्याने कमी झाली. म्हणजे दोषी दोन होते, आणि दुसरा अजून डाव्या चाकातच बसला होता.

त्याने स्वतःची खूण आधीच दिली होती. चालताना गाडी डावीकडे ओढायची, पण जोरात ब्रेक मारला की नाक किंचित उजवीकडे जायचं. हे मेस्त्रींना सांगितलं तसे ते लगेच चाकाकडे वळले. आम्ही शक्य तेवढा कमी ब्रेक वापरत एक फेरी मारून आलो आणि त्यांनी रिमजवळ हात धरायला सांगितला. उजवीकडे कोमट. डावीकडे हात ठेववेना, आणि पॅड जळल्याचा तो आंबट वासही होता.

चाक जॅकवर घेतलं तर हाताने जेमतेम फिरत होतं. मेस्त्रींनी आधी कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाचा, ब्लीडर निपल (ब्रेकचं तेल सोडायचा स्क्रू) सैल केला. तेल सुटताच चाक मोकळं झालं असतं तर दाब आतच अडकतोय, म्हणजे बहुधा ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) आतून बंद झालाय, असा अर्थ निघाला असता. चाक तसंच जड राहिलं. मग कॅलिपर उघडला. ज्या दोन पिनांवर तो मागेपुढे सरकतो त्यातली खालची पिन पान्याला दाद देईना. हातोडीचे हलके ठोके देत बाहेर काढली तेव्हा तिच्यावर तपकिरी गंजाची खपली आणि वाळून दगड झालेलं ग्रीस. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, एका बाजूने चिरलेलं. आतला पॅड जवळजवळ संपलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक.

दोन्ही खुणांचा उलगडा तिथेच झाला. कॅलिपर सरकत नाही म्हणून ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो आणि गाडी डावीकडे ओढते. आणि जोरात ब्रेक लावल्यावर तोच कॅलिपर दोन्ही पॅड नीट आवळू शकत नाही, उजवं चाक जास्त धरतं आणि नाक तिकडे जातं. ओल्या रस्त्यावर ही गोष्ट जिवावर बेतू शकते. आधीच्या मालकाचं घर समुद्राला लागून होतं आणि गाडी पावसातही उघड्यावर उभी असायची, त्यामुळे खारी हवा बुटातल्या चिरेतून आत गेली.

नवीन पिना, बूट, आणि दोन्ही बाजूंचे नवे पॅड. एकाच बाजूचे पॅड कधीच बदलू नयेत. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच हवं. साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिना आणि बुटं एकूण हजाराच्या आत बसली, पॅडचे वेगळे. विकणाऱ्याने कॅलिपर एकदा जरी उघडून पाहिला असता तरी एवढ्या खर्चात हे काम त्याच्याकडेच झालं असतं, याचा मला अजून राग आहे.

त्यानंतर गाडी सरळ चालते. मायलेज लिटरला 13 वरून 15 च्या पुढे गेलं, आणि दोन्ही पुढची चाकं आता सारखीच तापतात. महिन्यातून एकदा हात धरून बघतोच. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की गाडी इकडेतिकडे होते का, हेही तपासलं, कारण ते लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) रबरी बुश झिजल्याचं लक्षण असतं. तसं काही नाही. पावसाळा संपल्यावर पिना पुन्हा बाहेर काढून घेतल्या. बुटं कोरडी होती, ग्रीस स्वच्छ.

तो ओढणारा टायर सध्या मागे आहे. मागच्या चाकावर त्याची ओढ स्टिअरिंगला जाणवत नाही, पण नक्षी संपत आली आहे. पुढच्या पावसाआधी जोडीने दोन्ही बदलणार.