आधी लॉग वाचला, मग हात लावला

आमची म्हापशात औषधांची घाऊक एजन्सी आहे, हिशेब मी बघते. चवथीच्या आदल्या शुक्रवारी, भर बाजाराच्या दिवशी, बिलिंग बंद पडलं. तिसरा काउंटर जोडताना भाच्याने आमच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसच्या 'एसए' या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड बदलला होता आणि चिठ्ठीवर लिहूनही ठेवला होता. पण चिठ्ठीवरचा पासवर्ड काही चालेना. तिन्ही मशीनवर एकच ओळ: लॉगिन फेल्ड, एरर 18456. सर्व्हर बसवून देणारा माणूस केव्हाच दुबईला गेला. आधी ज्याला बोलावलं तो म्हणाला, सगळं काढून नव्याने टाकू, जुन्या डेटाची हमी नाही. आठ वर्षांची उधारी आहे त्यात! माझे हातपाय गळाले.

मग या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्या दुकानात फोन केला. चारला येतो म्हणाले, पावसात भिजत पावणेसहाला आले. उशिराबद्दल एक स्टार कापला आहे, कारण तोवर आम्ही हाताने बिलं फाडत होतो. पण आल्या आल्या त्यांनी विचारलं, "बॅकअप आसा?" शेवटचा बॅकअप मार्चचा. त्यांनी सर्व्हिस थांबवली, डेटाच्या दोन्ही फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि मला म्हणाले, "बाय, डेटा खंयच वचूंक ना." म्हणजे कुठेच गेलेला नाही. तिथे माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर एरर लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या चुका नोंदवतो ती फाइल, उघडून मला दाखवला. 'स्टेट' म्हणजे एररच्या कारणाचा आकडा; स्क्रीनवर नेहमी स्टेट 1 च दिसतं, खरं कारण लॉगमध्ये असतं. आमच्याकडे स्टेट 8 होतं, म्हणजे खातं शाबूत, पासवर्ड तेवढा चुकीचा. विंडोजच्या अ‍ॅडमिन खात्यानेही आत जाता येत नव्हतं, कारण एसक्यूएल सर्व्हरच्या 2008 च्या आवृत्तीपासून मशीनचा अ‍ॅडमिन आपोआप डेटाबेसचा अ‍ॅडमिन होत नाही. दुबईवाल्याने फक्त स्वतःचं खातं जोडलं होतं.

उपाय मात्र सरळ निघाला. सर्व्हर सिंगल यूजर मोडमध्ये सुरू केला की मशीनचा अ‍ॅडमिन पूर्ण अधिकाराने आत जाऊ शकतो. त्यात एकच जोडणी चालते आणि काउंटरचं सॉफ्टवेअर ती जागा पटकावू शकतं, म्हणून त्यांनी आधी नेटवर्कची वायर उपसली, शिवाय फक्त एसक्यूएलसीएमडीलाच (टाइप करून डेटाबेसला हुकूम द्यायचा प्रोग्राम) आत घ्यायचं असं सांगून सर्व्हिस चालू केली. काळ्या खिडकीत दोन-तीन ओळी टाइप केल्या, सर्व्हिस परत नेहमीसारखी सुरू केली आणि पहिलं बिल छापून आलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

मला सर्वांत आवडलं ते यानंतरचं. पासवर्ड बदलून ते निघून जाऊ शकले असते. पण बिलिंगसाठी कमी अधिकारांचं वेगळं लॉगिन काढलं, तिन्ही काउंटरवर स्वतः घालून दिलं, माझ्या विंडोज खात्याला अ‍ॅडमिनचे अधिकार दिले आणि 'एसए' बंद करून टाकलं. "रोजच्या बिलाला घराची मुख्य चावी कशाला?" म्हणाले. भाच्याला शेजारी बसवून रोज रात्रीचा बॅकअपही लावून दिला. त्याला एका शब्दानेही बोलले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. पोर दिवसभर रडवेलं झालं होतं.

बाराशे रुपये घेतले, रीतसर पावती दिली.

दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं, तेव्हा फोन लागत नाही. सकाळीच करा.