जुनी डिझेल गाडी, वापरानंतर: अॅव्हरेज नंतर बघा, आधी इंजेक्टरखालचा वॉशर बघा

गाडी १.६ लिटरची, चार सिलिंडरची, कॉमन रेल (म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल), टर्बो आणि डीपीएफवाली, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली. दुसऱ्या हातची, दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतात, ती इथे उगाळत नाही. लिहायला बसायचं कारण एकच. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी काळं, डांबरासारखं काहीतरी साठलं होतं आणि गॅरेजने चारही इंजेक्टर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. चारही इंजेक्टर ठणठणीत होते. गेला होता तो फक्त खालचा नखाएवढा तांब्याचा वॉशर. जुन्या डिझेल गाडीत पैसा कुठे जातो आणि कुठे वाचवता येतो, ते या एका वॉशरवरून जेवढं कळतं तेवढं अॅव्हरेजच्या आकड्यावरून कळत नाही.

तरी आधी अॅव्हरेज, कारण सगळे तेच विचारतात. टाकी फुल ते टाकी फुल, दोन्ही वेळा पहिल्या ऑटो-कटला थांबून मोजलं तर मिश्र वापरात लिटरला १८ किलोमीटर पडतात. डॅशबोर्डवरचा आकडा यापेक्षा जास्त दाखवतो, त्यावर हिशेब करू नये. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी साडेतेरा देते असं धरलं, तर १०,००० किलोमीटरला डिझेल ५५६ लिटर लागतं आणि पेट्रोल ७४१. फरक १८५ लिटरचा. दोन्हींच्या भावात फरक असेल तर तोही यात धरायचा. डिझेल घेतल्याची कमाई एवढीच, आणि दुरुस्तीचं प्रत्येक बिल याच कमाईतून वजा होतं.

म्हणून बिल पैशात न मोजता लिटरमध्ये मोजावं. बिलाच्या रकमेला त्या दिवशीच्या लिटरच्या भावाने भागायचं आणि जे लिटर येतील ते वर्षभराच्या बचतीतून वजा करायचे. भाव वर-खाली झाले तरी तुलना बिघडत नाही. समजा टायमिंग बेल्टचं काम ३०० लिटरला पडलं आणि बेल्टची मुदत १,२०,००० किलोमीटर आहे, तर १०० किलोमीटरमागे पाव लिटर बाजूला पडतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बेल्टची मुदत किलोमीटरबरोबर वर्षांतही असते आणि दोन्हींपैकी जी आधी संपेल ती खरी. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा बेल्ट किलोमीटरने नाही, वयाने संपतो. तिथे बचत वर्षाला १११ लिटरवर येते, आणि बेल्ट, कूलंट, ब्रेक ऑईल, बॅटरी यांची तारीख मात्र पुढे सरकत नाही. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुली) आणि वॉटर पंपही बदलावा. अनेक इंजिनांत पंप त्याच बेल्टवर फिरतो, आणि तो नंतर गळाला तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. मागच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं.

पहिले काही महिने माझं मत ठाम होतं की या गाडीतली सगळ्यात महागडी डोकेदुखी म्हणजे डीपीएफ. धुरातली काजळी तो अडवतो आणि साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सियसला जाळून टाकतो. हे जाळणं, म्हणजे रिजनरेशन, काहीशे किलोमीटरमागे एकदा होतं आणि त्याला दहा-वीस मिनिटं सलग रनिंग लागतं. ते चालू आहे हे ओळखता येतं. आयडलिंगचे आरपीएम थोडे वाढतात, तात्कालिक अॅव्हरेज एकदम पडतं, गरम वास येतो आणि गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो. अशा वेळी चावी काढू नये, आणखी दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवावी. अर्ध्यात बंद करत राहिलं तर एक्झॉस्ट तापवायला मारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीत, उतरतं आणि ऑईल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी खाली जायच्या ऐवजी वर चढलेली दिसली आणि ऑईलला डिझेलचा वास आला, तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही.

डीपीएफबद्दलचं ते मत आता बदललं आहे. लांब रनिंग मिळालं तर तो निमूट चालतो. काजळी जळते पण ऑईलमधली राख जळत नाही, ती साठत जाते, त्यामुळे कधीतरी तो काढून साफ करावाच लागणार. म्हणूनच कमी राखेचं, एसीईए (युरोपियन ऑईल मानक) सी२ किंवा सी३ यांपैकी जे मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेच ऑईल घालायचं. ‘डीपीएफ जाम’ असं निदान झालं की आधी डिफरेन्शियल प्रेशर सेन्सरच्या (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजणाऱ्या) दोन रबरी नळ्या बघाव्यात. त्या तडकतात किंवा वितळतात आणि रीडिंग चुकतं. चावी ऑन, इंजिन बंद असताना स्कॅनरवर हा आकडा शून्याच्या जवळ हवा. तसा नसेल तर दोष सेन्सरकडे आहे, फिल्टरला हात लावायची गरज नाही.

आता वॉशर. इंजेक्टर हेडमध्ये जिथे टेकतो तिथे खाली तांब्याचा वॉशर असतो आणि वरून क्लॅम्प त्याला दाबून धरतो. वॉशर नीट बसला नाही, की दर स्फोटाला थोडा गॅस इंजेक्टरच्या कडेने वर निसटतो. सुरुवातीला फक्त आवाज येतो, थंड इंजिनवर ‘फुस-फुस’, आयडलिंगच्या तालावर. इंजिन तापलं की आवाज कमी होतो, म्हणून लोक महिनोन् महिने दुखणं अंगावर काढतात. मग एसीच्या हवेतून धुराचा वास यायला लागतो. शेवटी काजळी आणि डिझेल मिळून इंजेक्टरभोवती दगडासारखा काळा थर बसतो आणि मग इंजेक्टर बाहेर काढणं हेच मोठं काम होऊन बसतं. तपासायला काही लागत नाही. वरचं प्लास्टिक कव्हर काढायचं, टॉर्च मारायची, इंजिन चालू ठेवून प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडे आले की वॉशर गेला.

कारणं ठरलेली असतात: जुना वॉशर परत वापरणं, क्लॅम्पचा ताणलेला बोल्ट परत लावणं किंवा सीटवरचा, म्हणजे हेडमध्ये इंजेक्टर टेकतो त्या जागेवरचा, कार्बन साफ न करता त्यावरच नवा वॉशर ठेवणं. तिसरं सगळ्यात जास्त दिसतं. नवा वॉशर टाकलेला असतो, मजुरी घेतलेली असते आणि तीच फुस-फुस थोड्याच दिवसांत परत सुरू होते. माझ्या गाडीतही मागच्या कामाच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. सीटवर कार्बनची अर्धवर्तुळाकार कड तशीच होती आणि वॉशरवर दाब एकाच बाजूने पडल्याचा ठसा उमटला होता.

काम करून घेताना शेजारी उभं राहावं आणि क्रम पाळला जातोय का ते बघावं. इंजिन बंद करून रेलमधलं प्रेशर उतरू द्यायचं, चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करायचा नाही. आयडलिंगलाही तिथे २५०-३०० बार प्रेशर असतं आणि ती धार कातडीतून आत शिरते. पाइप सोडायच्या आधी सगळा भाग ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करायचा, आणि उघडं झालेलं प्रत्येक तोंड लगेच टोपीने बंद करायचं. थर कडक असेल तर पेनिट्रेटिंग ऑईल मारून रात्रभर ठेवायचं. मग इंजेक्टर स्लाइड हॅमरने सरळ वर ओढायचा, तोही बॉडीला पकड घेऊन. वरच्या सोलेनॉइडला पकडून ओढलं की चांगला इंजेक्टर जागीच मरतो. स्क्रू ड्रायव्हरने तिरकं उचकटणंही तितकंच वाईट.

जुना वॉशर बहुतेक वेळा खालीच चिकटून राहतो, तो हुकने काढायचा. मग सीट कटर. पात्याला ग्रीस लावून हाताने, हलक्या दाबाने काही फेरे, आणि सीटवर सगळीकडे सारखी चकचकीत रिंग दिसली की थांबायचं. ग्रीस लावतात ते भुगा धरून ठेवण्यासाठी, कारण सीटच्या मध्यातलं नोझलचं भोक थेट सिलिंडरमध्ये उघडतं. जास्त कापलं तर नोझल ठरलेल्या उंचीपेक्षा खाली उतरतं आणि फवारा पिस्टनच्या खोलग्यात चुकीच्या जागी पडतो. वॉशरची जाडीही म्हणूनच मूळ मापाचीच हवी, दोन वॉशर एकावर एक ठेवणं हा उपाय नाही. बसवताना पाइपचे नट आधी हाताने लावायचे, नंतर क्लॅम्पचा नवा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आणि कोनाला कसायचा, आणि शेवटी पाइपचे नट टॉर्कला घ्यायचे. क्रम उलटा केला तर पाइप ताणात राहतो. इंजेक्टर ज्या सिलिंडरचा त्याच सिलिंडरला परत. अदलाबदल झाली किंवा नवा घातला तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो.

इंजेक्टर खरंच गेलाय का, हे ठरवायला लीक-ऑफ टेस्ट आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या, इंजिन ठरावीक मिनिटं आयडलिंगला चालवायचं आणि बाटल्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर तो एक इंजेक्टर संशयित, चारही नाही. ही टेस्ट न करता चारांचं एस्टिमेट देणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी सोडू नये. मी तिथून गाडी उचलली ती याच कारणासाठी, आणि दुसरीकडे टेस्ट केल्यावर चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या.

एवढ्याशा वॉशरवर इतकं लिहायचं कारण त्याचं पुढचं नुकसान. अनेक इंजिनांत निसटलेला गॅस काजळी घेऊन ऑईलमध्ये उतरतो. ऑईल घट्ट होतं, चेंबरमधून ऑईल खेचणाऱ्या पिकअप जाळीवर कार्बन बसतो, टर्बोच्या ऑईल पाइपची बारीक जाळी तुंबते. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो, ऑईलची धार थोडी जरी तुटली तरी बेअरिंग जातं. मग नवा टर्बो बसवला जातो, ऑईल पाइप जुनाच राहतो, चेंबर कोणी उघडत नाही, आणि दुसरा टर्बोही थोड्याच रनिंगमध्ये जातो. टर्बो बदलताना ऑईल पाइप नवा, चेंबर उतरवून जाळी साफ, ऑईल-फिल्टर नवीन, आणि ते ऑईल हजार-दोन हजार किलोमीटरवर पुन्हा बदललेलं: हे चारही झालं नाही तर टर्बोचे पैसे पाण्यात.

बाकीचे खर्च सरळ आहेत. ऑईल, गाडीच्या कंपनीने दिलेल्या लांबलचक मुदतीऐवजी, १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला बदलावं. चार-साडेचार लिटर ऑईल जास्तीचं जातं, ते टर्बोपुढे काहीच नाही. डिझेल फिल्टर २०,००० ला. मध्ये एकदा खालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीभर डिझेल काचेच्या बरणीत घ्यायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. तळाशी वेगळा पारदर्शक थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी, आणि हाय प्रेशर पंपाला तेच सगळ्यात जास्त मारतं. हीटर प्लग मल्टिमीटरवर एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, सर्किट तुटलेलं दिसलं तर तो गेलेला. काढायचे ते इंजिन गरम असताना आणि जोर न करता, कारण हेडमध्ये तुटलेला हीटर प्लग काढणं हे खर्चाचं वेगळंच प्रकरण आहे. काळा धूर येत असेल आणि पिकअप कमी असेल तर ईजीआरच्या (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधी इंटरकूलरचे रबरी पाइप हाताने दाबून बघावेत, फट बहुतेक क्लिपजवळ, खालच्या बाजूला असते.

गाडी ठेवायची की नाही, याचं उत्तर वर्षाच्या किलोमीटरवर आहे. १५,००० च्या वर आणि त्यातलं बरंचसं मोकळ्या रस्त्यावर असेल तर ही गाडी आजही पैसे वाचवते, मी ठेवणार आहे. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन बंद होणार असेल तर डीपीएफ आणि ऑईल दोन्ही मार खातात, तिथे पेट्रोलच घ्यावी.

एक मोठं बिल अजून बाकी आहे, ड्युअल मास फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिन आणि क्लचमधल्या, धक्के शोषणाऱ्या दोन भागांच्या जड चाकाचं. इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी खडखड होते का, आणि न्यूट्रलमध्ये आयडलिंगला येणारा आवाज क्लच दाबल्यावर बदलतो का, हे दर महिन्याला ऐकतो. आवाज क्लच दाबून जाणारा असेल तर तो गिअरबॉक्सच्या बेअरिंगचाही असू शकतो, म्हणून नुसत्या आवाजावर फ्लायव्हील बदलायला होकार देऊ नये. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली येईल तेव्हा फ्लायव्हील हाताने फिरवून त्याचा खेळ आणि डुगडुग कंपनीच्या मर्यादेत आहे का ते मोजून घ्यायचं. मर्यादेबाहेर असेल तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हील एकाच मजुरीत बदलायचं.