‘नाही’ लिहून ठेवणारं दुकान

कसालहून मालवणला येताना कट्टा गाव यायच्या जरा अलीकडे एक कौलारू दुकान लागतं. बाहेरच्या फळीवर खडूने ‘आगळ, आमसुलं, पिठी, मुठेल’ एवढंच लिहिलेलं असतं. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. गेली तीन वर्षं मी इथे गिऱ्हाईक म्हणून जाते आणि त्यातली दोन वर्षं मालही देते. तेव्हा हा अभिप्राय तिऱ्हाइताचा नाही, हे आधीच सांगते.

दुकान काकींचं. गल्ल्याशेजारी खिळ्याला एक लांबट वही टांगलेली असते. मला आधी ती उधारीची वाटली होती. पण गिऱ्हाइकाने मागितलं आणि दुकानात नव्हतं, असं जे काही असेल ते काकी त्या वहीत लिहितात. तारीख, माणूस कुठला, आणि त्याने मागितलं ते त्याच्याच शब्दांत. तेच कोणी पुन्हा मागितलं की पुढे एक रेघ. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “धा रेघो झाल्याशिवाय मी चुलीक हात लावणंय नाय.”

कुळथाच्या पिठीची पाकिटं अशीच आली. वहीत मूळ नोंद आहे, ‘पुण्याचा मुलगा, एकटा राहतो, पिठी हवी पण फोडणी येत नाही’. कुळथाचं पीठ तर गावात घरोघरी असतं, ते विकायला नवीन काय? पण त्या मुलाला पीठ नको होतं, रात्री आठ वाजता दमून आल्यावर वाटीभर गरम पिठी हवी होती. काकींनी भाजलेलं पीठ, तिखट, वाळवलेली लसूण, आमसुलाची पूड असं एकत्र केलं. पहिल्या खेपेत सुकं खोबरंही होतं, ते महिन्याभरात खवट झालं. दुसऱ्या खेपेत लसूण नीट वाळली नव्हती, पावसाळी हवेत गुठळ्या झाल्या. तिसरी खेप आज विकते ती. ४० ग्रॅमचं पाकीट, ३५ रुपये, दोन वाट्या होतात. किलोच्या हिशेबात महाग आहे. चव मात्र घरच्या पिठीच्या फार जवळ जाते, फक्त मीठ एक चिमूट जास्त वाटतं.

मुठेल हा इथला माझा सगळ्यात आवडता माल. रातांब्याच्या बिया कुटून उकळल्या की वर तेल येतं, ते थिजलं की मुठीत दाबून गोळे करायचे. आमच्या आजीच्या फडताळात असा गोळा कायम असायचा, टाचांच्या भेगांसाठी. पण कोकमाचं हे तेल वितळतं साधारण ३८ ते ४० अंशांना, म्हणजे एरवी दगडासारखं कडक. शहरातून आलेल्या बायका गोळा हातात घेऊन बघायच्या, वास घ्यायच्या, आणि खाली ठेवायच्या. वहीत एकीचं वाक्य आहे, ‘हे लावायचं कसं?’ त्यापुढे चौदा रेघा मी स्वतः मोजल्या. काकींनी त्यात खोबरेल मिसळून बोटाने निघेल असं मऊ केलं. नमुने केले थंडीत, छान जमले. मे महिन्यात तेच डब्यातून पाझरले. आता उन्हाळ्याचं प्रमाण वेगळं, खोबरेल कमी. आणि अंगाला लावायच्या वस्तूला अन्नाची नोंदणी चालत नाही, सौंदर्यप्रसाधनाचा परवाना वेगळा लागतो, म्हणून विक्रीचा माल त्या परवानाधारक कारखान्यातून भरून घेतात. डबीवर हे स्पष्ट छापलेलं आहे, मला ते फार आवडलं.

आता माझी गोष्ट. आमची काजूची बाग आहे. बी विकली जाते आणि बोंडू झाडाखाली कुजतात. बीच्या कितीतरी पट वजनाचं फळ, क जीवनसत्त्वाने भरलेलं, आणि तोडल्यावर दिवसभरात उतरायला लागतं. यातून काहीतरी करायचं या ध्यासाने मी शहरातल्या एका उद्योजकता शिबिराला गेले होते. तीन दिवस, फी भरून. मोठमोठ्या कंपन्यांच्या कहाण्या ऐकल्या, ‘कल्पना शोधा’ असं फळ्यावरही लिहिलं होतं. तुमच्या बागेत काय पिकतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. घरी येऊन मी बोंडूच्या सरबताच्या ६० बाटल्या भरल्या. घशाला खवखव सुटायची. ५२ बाटल्या ओतून दिल्या, आणि त्या दिवशी मी रडले होते.

काकींनी एक घोट घेतला आणि विचारलं, “साका बसवलंस काय गे?” खवखव टॅनिनची, म्हणजे रसातल्या तुरट द्रव्याची. ते तळाला बसवायची केरळ कृषी विद्यापीठाने सांगितलेली रीत त्यांना माहीत होती. लिटरला ५ ग्रॅम साबुदाणा दळून पाण्यात शिजवायचा, ती खळ गार करून रसात ढवळायची आणि रस रात्रभर हलवायचा नाही. सकाळी तळाला मळकट साका असतो, वर नितळ पिवळसर रस. तो अलगद वरून काढायचा.

पुढचं त्यांनी केलं ते मला कुठल्याच शिबिरात कळलं नसतं. एप्रिलमधल्या एका रविवारी तीन वेगवेगळ्या गोडीचं सरबत १, २, ३ असे आकडे घालून मांडलं आणि दुकानात थांबणाऱ्यांना छोटे पेले दिले. ‘कसं आहे?’ हे कोणालाच विचारायचं नाही, अशी मला ताकीद होती, कारण तोंडावर सगळे छानच म्हणतात. आम्ही फक्त पेल्यात किती उरलं ते बघत होतो. १ नंबरचे पेले निम्मे उरले. ३ नंबरचे रिकामे परत आले, आणि ते सगळ्यात कमी गोड होतं. मी नेमकं उलट धरून चालले होते. मग काकी प्रत्येकाला म्हणायच्या, “बाटली ऐंशी रुपये, देऊ?” किती जणांनी पाकीट काढलं तेवढेच त्यांनी वहीत मांडले.

यंत्रांच्या बाबतीतही त्या अशाच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं, मी लगेच अर्ज करायला निघाले होते. त्यांनी थांबवलं. एक हंगाम भाड्याच्या भांड्यांत काढ, मग कुठलं यंत्र लागतं ते तुलाच कळेल, असं सांगितलं. बॉटलिंगचं यंत्र माझ्या डोक्यात होतं. हंगामाअखेर कळलं की खरी अडचण रस काढण्याची आहे.

तक्रारी दोन. तळलेल्या फणसाच्या गऱ्यांची पिशवी फार पातळ आहे, आषाढात आठवड्यात मऊ पडतात. आणि आगळाच्या बाटलीचं बूच गळतं, माझी एक साडी गेली. दोन्ही मी सांगितल्या, दोन्ही वहीत गेल्या. बुचं बदलली, पिशव्या अजून त्याच आहेत.

काही बनवून विकायचं मनात असेल तर सकाळच्या गर्दीत जाऊ नका, संध्याकाळी पाचनंतर जा. नमुना बरोबर न्या, नुसत्या कल्पनेवर काकी बोलत नाहीत. वही मागितलीत तर देतात, पण तिथेच बसून वाचायची. मी गेल्या खेपेला वाचली तेव्हा ‘मिठातले बोंडू, पेजेबरोबर खायला’ यापुढे सात रेघा होत्या.