बोट ठेवा, बीपी पाहा

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, अर्ध्या मिनिटात बीपी. गरोदर बायकांसाठी खास, अशी जाहिरात होती. मी वर्षाचे पैसे भरले आणि पट्ट्याचं मशीन घ्यायचा विषय तिथेच संपला. माझं खरं नुकसान झालं ते तिथे.

सुरुवातीला ॲपने वय, उंची, वजन, कितवा महिना हे सगळं विचारलं. रोज ११६/७४, ११८/७६ असे आकडे यायचे. नाडीचे ठोके मी घड्याळ लावून मोजून पाहिले, ते तंतोतंत जुळले. तिथेच फसले. बोटातलं रक्त प्रत्येक ठोक्याला कमीजास्त होतं आणि कॅमेऱ्याला ते दिसतं, त्यामुळे ठोके बरोबर येतात. ठोके खरे म्हणून मी बीपीही खरा धरला.

३३व्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, पॅरासिटामॉलने हलेना. चेहरा सुजला, अंगठी निघेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हाही मी आधी बोट ठेवलं: ११८/७६. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, ते ॲसिडिटीवर ढकललं. असा दीड दिवस घालवला.

हॉस्पिटलमध्ये १७२/११४ निघाला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढाच. लघवीत प्रोटीन. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार. २० आठवड्यांनंतर १४०/९० म्हणजे काळजीचं आणि १६०/११० म्हणजे लगेच उपचार, हे मला तिथे कळलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. अंगात वणवा पेटल्यासारखं होतं त्याने. औषध जास्त होत नाही ना हे बघायला नर्स थोड्या थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून जायची. बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं, २४ तासांच्या अंतराने. दुसरं झालं आणि प्लेटलेट घसरल्या, मग सिझेरियन. बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं. आता ठीक आहे.

ॲपची परीक्षा नवऱ्याने तिथेच घेतली. माझ्या खात्यात स्वतःचं बोट ठेवलं: ११८/७६. मग वजनाच्या रकान्यात ९० लिहिलं आणि तेच बोट पुन्हा ठेवलं: १३१/८४. म्हणजे बीपी बोटातून नाही, रकान्यातून निघत होता! (हसावं की रडावं कळेना.)

हा आजार बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत डोकं वर काढू शकतो, म्हणून घरी येताना दंडाला बांधायचं मशीन घेतलं, डॉक्टरांच्या मशीनशी ताडून. पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मग मोजायचं. आणि डोकं तसं दुखलं तर आकडा कितीही चांगला असो, थेट दवाखाना.

पैसे परत मागितले. उत्तर आलं की अटींमध्ये सर्वांत खाली 'केवळ विरंगुळ्यासाठी' असं लिहिलेलं आहे. मी जाऊन पाहिलं. लिहिलेलं आहे.